सकाळचा ब्रेक

१९५४च्या हिवाळ्यात आमची तुकडी कोरचीच्या पठारावर तळ देऊन होती. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात मोडत असे आणि गडचिरोली ही त्यातली एक तहसील होती. इंजिनिअर्सच्या एका कंपनीला जंगलात पूल बांधण्याचा सराव द्यायचा होता. लोखंडी पॅनेल जोडून नाल्यावर पूल उभा करायचा, त्यावरून गाड्या न्यायच्या, पुन्हा तो सुटा करायचा. सामान वडशाच्या स्टेशनवर उतरे. तिथून कुरखेडा, मग बेडगावचा घाट चढून पठारावर. हा सगळा रस्ता मुरमाचा होता.

मी एल.ए.डी.मध्ये क्राफ्ट्समन होतो. एल.ए.डी. म्हणजे तुकडीबरोबर फिरणारं छोटं वर्कशॉप. एक तंबू, एक ब्रेकडाऊन लॉरी आणि आम्ही पाच जण. मी ब्रह्मपुरीकडचा, धानाच्या गावातला. बाकीचे दूरचे. आमचे प्रमुख हवालदार शेलार, साताऱ्याकडचे. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. लढाईच्या काळात ते बर्मात होते. मी भरती झालो तेव्हा मला पाना धरता येत नव्हता. ब्रेक, क्लच, कार्बुरेटर, जे काही मला येतं ते त्यांनी शिकवलं. एका पावसाळ्यात मला मलेरिया झाला तेव्हा स्वतःचं ब्लँकेट माझ्यावर घालून ते ग्राउंडशीट पांघरून झोपले होते. हे आधी सांगतो, कारण पुढचं सांगताना हे सांगावंसं वाटणार नाही.

ब्रेकचा बिघाड कसा ओळखायचा, याचे उस्तादांचे धडे होते. पेडल स्पंजासारखं दबलं तर पाइपात हवा शिरली आहे. दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली जात राहिलं तर मास्टर सिलिंडरचं रबर गेलं. गाडी एका बाजूला ओढली तर त्या चाकात पाहा. पेडल कडक आणि तरी गाडी थांबत नाही, तर लायनिंगला ग्रीस लागलं आहे किंवा पाइप कुठेतरी बंद आहे. आणि शेवटचा धडा असा की, बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय गाडी खोलायची नाही. ड्रायव्हरच्या सांगण्यावर गाडी खोलणारा मेकॅनिक आयुष्यभर चांगल्या गाड्या बिघडवतो, असं ते म्हणत.

डिसेंबरमध्ये एका तीनटनी गाडीचा ब्रेकचा पाइप दगडाला लागून फुटला. सगळं ब्रेक ऑइल रस्त्यावर सांडलं. पाइप आमच्याकडे होता, ऑइल नव्हतं. मागणी जाऊन बरेच दिवस झाले होते. त्याच आठवड्यात ब्रिगेड कमांडर पाहणीला यायचे होते आणि उस्तादांनी कॅप्टनसाहेबांना शब्द दिला होता की, सगळ्या गाड्या ऑन रोड असतील.

त्या दुपारी उस्तादांनी मला रिकामा डबा दिला आणि शेजारच्या गावातून तेल आणायला सांगितलं.

“कसलं तेल, उस्ताद?”

“एरंडेल बघ. नाही मिळालं तर जे मिळेल ते आण.”

कंदिलांना किंवा बुटांना हवं असेल, असं मला वाटलं. गाव गोंडांचं होतं. एरंडेल कुणाकडे नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईने टोळीचं तेल दिलं. टोळी म्हणजे मोहाची बी. ते तेल आमच्या घरीही जेवणात असे. डबा भरताना ती म्हणाली, “थंडीत गोठते, चुलीजवळ ठेवजो.” मी हसलो. हे मला सांगायची गरज नव्हती. माझी आई थंडीच्या दिवसांत हेच तेल पळीने खरवडून काढत असे.

डबा मी उस्तादांच्या तंबूत ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटेच मला सुटे भाग आणायला वडशाला धाडलं. परत आलो तर तीनटनी दुरुस्त होऊन उभी होती. ब्रेक ऑइल कुठून आलं, हे मी विचारलं नाही. उस्तादांना कुणी असं विचारत नसे.

ती गाडी शेख करीमची.

करीम चांद्याचा. परकोटाच्या आत त्याच्या वडिलांचं भांड्यांना कल्हई करण्याचं दुकान होतं. उंच, सडपातळ, पान खाऊन ओठ कायम लाल. पूर्ण तुकडीत माझी बोली बोलणारा तो एकटा. लंगरमध्ये जेवताना आम्ही बोलू लागलो की इतर जवान विचारत, ही कुठली मराठी? करीम सांगे, “असली मराठी हेच होय. तुमची पुण्यात गेली अन् बिघडली.”

दुरुस्तीनंतर तीन-चार दिवसांनी तो वर्कशॉपच्या तंबूत आला. सकाळी पेडल दगडासारखं होतं म्हणाला. जोर लावला तरी गाडी थांबायचं नाव घेत नाही. उन्हं तापली की सगळं ठीक.

“सकाळी सासूवानी वागते,” तो म्हणाला, “दुपारी साळीवानी.”

उस्तादांनी गाडी काढली. दुपारचे तीन वाजले होते. तळाच्या मैदानात वेग घेऊन त्यांनी ब्रेक मारला. चारही चाकं जागच्या जागी अडकली, धुळीत चार सरळ रेघा उठल्या. उस्ताद उतरले, रेघांकडे बोट दाखवलं आणि निघून गेले.

पुन्हा चार दिवसांनी करीम तेच घेऊन आला. पुन्हा दुपार, पुन्हा चार रेघा. या वेळी उस्ताद सगळ्यांसमोर म्हणाले की बिघाड गाडीत नाही, ड्रायव्हरच्या पायात आहे. ती गोष्ट संध्याकाळपर्यंत लंगरमध्ये पोचली. करीम ताट घेऊन आला की कुणीतरी त्याच्या पायाची चौकशी करी. मेहंदी लावलीस का, पाळणा बांधू का. पहिल्या दिवशी तोही हसला. नंतर तो सगळ्यांच्या शेवटी जेवायला येऊ लागला.

इथे आमच्या कामाची एक रीत सांगायला हवी. सकाळी गाड्या डिटेलवर, म्हणजे नेमून दिलेल्या कामावर, जात. वर्कशॉपच्या वाट्याला त्या दुपारनंतर येत, चालून तापलेल्या. थंडीत रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी कशी वागते, हे आमच्यापैकी कुणी कधी पाहिलंच नव्हतं. पाहायचं कारणही नव्हतं. ब्रेक ऑइल थंडीने बदलत नाही.

मी उस्तादांना म्हणालो की एकदा ही गाडी सकाळीच पाहू. ते जॅकला ग्रीस लावत होते. मान वर न करता म्हणाले, “सकाळी डिटेल असतं. तुझ्या दोस्तासाठी ब्रिगेड थांबवू का?”

मी कामाला लागलो. त्यांना तेव्हा त्या गाडीत काय आहे ते माहीत होतं आणि मला नव्हतं. एवढं एक वाक्य लिहायला मला सत्तर वर्षं होत आली.

तरी गाडी रोज घाट उतरत होती, कारण ती रिकामी जाई आणि भरून वर येई. रिकामी गाडी गिअरवर उतरते, अर्धा ब्रेकही तिला पुरतो. जानेवारीत सराव संपला आणि चित्र उलटं झालं. आता पुलाची पॅनेल भरून गाड्या खाली न्यायच्या होत्या.

आदल्या संध्याकाळी करीमने कॅप्टनसाहेबांना सांगितलं की भरलेली गाडी तो घाटात नेणार नाही. साहेबांनी उस्तादांना बोलावलं. उस्तादांनी पुन्हा ब्रेक मारून दाखवला. साहेब म्हणाले, गाडी फिट आहे, सकाळी सातला कॉन्व्हॉय निघेल.

करीम माझ्याकडे आला. मी लॉरीवर साखळ्या चढवत होतो.

“उस्तादचं मी नाई इचारत,” तो म्हणाला. “साहेबाचंही नाई. तू सांग, बोरकर. तू म्हणशील तर नेतो.”

“मी काय सांगू? तीन वेळा पाह्यलं आम्ही.”

“तू म्हणशील तर नेतो.”

“ने,” मी म्हणालो. “मी मागंच आहो.”

त्याने मान हलवली आणि गेला. त्यानंतर त्याने कुणाकडे तक्रार केली नाही.

सकाळी गवतावर दहिवर पांढरं झालं होतं. कॉन्व्हॉयमध्ये सात गाड्या होत्या. करीमची सहावी, सर्वांत शेवटी आमची ब्रेकडाऊन लॉरी. करीमच्या गाडीत मागे पॅनेलवर चार सॅपर, पूल बांधणारे जवान, बसले होते. तळापासून घाटापर्यंतचा रस्ता सपाट आहे, तिथे ब्रेकला काम नसतं. म्हणजे घाटाच्या तोंडाशी त्याचा ब्रेक रात्रीइतकाच गार होता. अर्थात हा हिशेब मी नंतर केला.

घाटाच्या माथ्यावर करीमने गिअर बदलला. मला आवाज ऐकू आला, दुसरा गिअर पडल्याचा. पहिलं वळण तो नीट गेला. दुसऱ्या वळणाआधी त्याच्या इंजिनाचा आवाज चढू लागला. गाडी गिअरमध्ये असून उतारावर ब्रेकशिवाय सुटली की इंजिन किंचाळतं. ज्याने तो आवाज एकदा ऐकला आहे तो पुन्हा चुकत नाही. आमचा लॉरीचा ड्रायव्हर म्हणाला, “याला झालं काय?”

करीमने हॅन्डब्रेक ओढला असावा, मागून धूर दिसला. मग त्याने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. पुढच्या गाड्यांनी वेग वाढवून त्याला वाट दिली. त्याने गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली. बॉडी मुरमावर रगडत होती, दगड उडत होते. वेग थोडा कमी झाला. खिडकीतून हात बाहेर काढून तो मागच्यांना खुणावत होता. चारही सॅपरनी उड्या टाकल्या. एकाचा हात मोडला, बाकीच्यांना खरचटलं.

तिसऱ्या वळणावर डोंगर संपतो. तिथे घासायला काही नव्हतं. गाडी नाल्यात गेली आणि पॅनेल केबिनवर आली.

आम्ही पोचलो तेव्हा तो गेलेला होता.

लॉरीने गाडी वर काढायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता मी गाडीजवळ गेलो. हात गारठले होते. पुढच्या डाव्या चाकाचं ड्रम काढलं, सिलिंडर सोडवला. तेलाऐवजी आत पांढरा गोळा होता, थिजलेल्या तुपासारखा. पाइपाच्या तोंडातही तेच. मी बोटावर घेऊन वास घेतला. तो वास मी जन्मापासून ओळखत होतो.

मागे उस्ताद उभे होते.

“बर्मात एरंडेल घालून गाड्या चालवल्यात मी,” ते म्हणाले. “पावसात, डोंगरात. एक गाडी गेली नाही.”

“हे एरंडेल नाई, उस्ताद. टोळीचं आहे. थंडीत गोठते.”

“गोठतं?”

त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांच्या मुलखात मोहाचं तेल कुणी खात नाही. त्यांना इतकंच माहीत होतं की गाडीत ब्रेक ऑइल नाही आणि ड्रायव्हर तक्रार करतो आहे. ते जमिनीवर बसले. मग त्यांनी माझ्या हातातला सिलिंडर घेतला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“साहेबांना मी सांगतो. माझी चूक, मी सांगणार. तू मधे पडू नको. तुझं नाव यात यायला नको.”

माझा त्यांच्यावर विश्वास होता. मला ब्लँकेट आठवलं. दुपारी पाहिलं तेव्हा सगळे पाइप आणि सिलिंडर पेट्रोलने धुऊन फळीवर वाळत ठेवले होते. मला वाटलं, साहेबांना दाखवण्यासाठी असेल. मी तेवीस वर्षांचा होतो, पण इतका भोळा नव्हतो. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी त्याच आठवड्यात झाली. तंबूत एक मेजर आणि दोन अधिकारी. सॅपरना विचारलं, गाडी कोणत्या गिअरमध्ये होती? ते मागे पॅनेलवर बसलेले, त्यांना काय कळणार? लॉरीच्या ड्रायव्हरला बोलावलंच नाही. मग उस्ताद आत गेले. मी दारात रांगेत उभा होतो, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

ते म्हणाले, ब्रेक आदल्या दिवशी तपासलेला होता, साहेबांसमोर. गाडी बाहेर काढल्यावरही पाइप स्वच्छ सापडले. मग म्हणाले, “कुछ ड्रायव्हर घाट में गाडी न्यूट्रल कर देते हैं, साब. पेट्रोल बचता है. बाजार में बिकता है.”

करीमचं नाव त्यांनी घेतलं नाही. गरजच नव्हती.

मला बोलावलं.

“एक दिन पहले ब्रेक टेस्ट हुआ था?”

“जी साब.”

“तुम्हारे सामने?”

“जी साब.”

“ठीक था?”

“जी साब.”

“जाओ.”

तिन्ही उत्तरं खरी होती. मला आणखी काही विचारलं नाही आणि मी आणखी काही सांगितलं नाही. सॅल्यूट केला आणि बाहेर आलो. उस्ताद तंबूच्या मागे विडी ओढत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. ते माझ्याकडे पाहत म्हणाले, “तेल कुणी आणलं होतं, बोरकर?”

एवढंच. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. मला शिकवताना जसा आवाज असे तसाच होता.

निकाल लागला: ड्रायव्हरची चूक, पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये चालवली. तशाच शब्दांत तो त्याच्या घरी कळवला गेला. वर्षभरात मला नाईकची फीत मिळाली. शिफारस उस्तादांची होती. मी ती लावली.

उन्हाळ्यात सुटीवर आलो तेव्हा चांद्याला उतरलो. दुकान सापडलं. करीमचे वडील भट्टीपुढे बसून पातेल्यावर कल्हईचा बोळा फिरवत होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी काम बाजूला ठेवलं, हात पुसले, मला बसायला स्वतःचा पाट दिला. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

“माह्या पोरानं गाडी न्यूट्रल केली होती का?”

“मले माहीत नाई, चाचा.”

“तू तर मागंच होता ना?”

मी भट्टीकडे पाहत राहिलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पातेलं उचललं आणि बोळा फिरवायला लागले. उस्तादांनी करीमला एकदा विकलं. मी दोनदा: एकदा तंबूत, एकदा त्याच्या बापाच्या दुकानात. उस्तादांना त्याच्या बापाचं तोंड पाहावं लागलं नव्हतं.

उस्ताद पेन्शनीवर गेले आणि गावी वारले. दर दिवाळीला त्यांचं कार्ड येई, मीही पाठवत असे. त्यांनी त्यात कधी काही लिहिलं नाही, मीही नाही. त्यांच्यावरचा राग मी फार वर्षं जपला, कारण तो असला की स्वतःकडे बघावं लागत नसे. ते गेल्यावर ती सोय राहिली नाही.

गेल्या वर्षी नातवाने मला चंद्रपूरला नेलं. कल्हईचं दुकान कधीच गेलं आहे, पण गल्लीत विचारत विचारत करीमची धाकटी बहीण जुबेदाबाई सापडली. त्या वेळी ती परकरात होती, आता ऐंशीच्या घरात आहे. मी खुर्चीवर बसून सगळं सांगितलं. तेल, पांढरा गोळा, उस्ताद, माझी तीन उत्तरं.  सुनेने चहा ठेवला होता, जुबेदाबाईने कप माझ्याकडे सरकवला.

“अब्बा मशिदीत पहिल्या रांगेत उभे राहत,” ती म्हणाली. “कागद आला तेव्हापासून मागच्या रांगेत जाऊ लागले. मरेपर्यंत. जाताना म्हणाले, करीमनं असं काऊन केलं असंन?”

मी म्हणालो, माफी मागायला आलो नाही, सांगायला आलो आहे.

“मले सांगून काय फायदा, भाऊ?” ती म्हणाली. “मी तं कधी मानलंच नाई. ज्यायनं मानलं त्यायले सांगा.”

ज्यांनी मानलं त्यांच्यापैकी मला माहीत असलेलं कुणीही आता नाही. मेजर नाही, कॅप्टनसाहेब नाहीत, लंगरमध्ये हसणारे नाहीत. पण तो निकाल कुठल्यातरी दप्तरात अजून तसाच असेल आणि त्यावर एक चांगलं नाव काळं झालेलं असेल. म्हणून जे मला विचारलं नव्हतं त्याचं उत्तर इथे देतो.

शेख करीम, ड्रायव्हर, राहणार चांदा. त्याने गाडी न्यूट्रल केली नव्हती. ती दुसऱ्या गिअरमध्ये होती, मी मागून ऐकली. त्याने वेळेवर, पुन्हा पुन्हा, योग्य माणसांना सांगितलं होतं की सकाळी ब्रेक लागत नाही, आणि ते खरं होतं. ब्रेकमध्ये मोहाचं तेल होतं. ते मी आणलं, हवालदार शेलारांनी घातलं. गाडी सुटल्यावर त्याच्या बाजूचं दार डोंगराकडे नव्हतं, मोकळं होतं. त्याला उडी मारता आली असती. चार माणसं उतरेपर्यंत तो स्टिअरिंगवर राहिला. आम्ही केबिन कापून त्याला काढलं तेव्हा त्याचा उजवा बूट ब्रेकच्या पेडलवर होता, पूर्ण दाबलेला. तो सोडवायला आम्हा दोघांना जोर लावावा लागला.

त्याच्या पायात काही बिघाड नव्हता.